वाढत्या डुकराची चरबी: कोणतं तेल, कोणत्या वयात, किती

गेल्या हिवाळ्यात इंदूरजवळच्या राऊच्या पुढे एका ओळखीच्या वराहपालकाकडे गेले होते. त्यानं फ्रीजमधून पाठीच्या चरबीची एक पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. रात्रभर गारठ्यात राहिलेली चरबी पांढरी आणि टणक असायला हवी. ही बोटानं दाबली की खळगा पडत होता आणि कडेला ओशट चकाकी होती. मांस घेणाऱ्यानं भाव पाडला होता. “ताई, मी तर चांगलं सोयाबीनचं तेल घातलं होतं. जनावर भरलंही छान. मग ही अशी का?” हा त्याचा प्रश्न.

तेल चांगलंच होतं, घोटाळा तिथे नव्हता. डुकराच्या पेशीत आपण काय भरतो आहोत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इंदूरच्या आसपास हा प्रश्न वारंवार येतो, कारण आपल्याकडे सोयाबीन मुबलक. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था १९८७ पासून इथेच आहे, तेलाच्या गिरण्या आहेत, आणि शहरभर शेव-फरसाणाचे कारखाने. खाद्यात तेल येतं ते कधी ठरवून, कधी नकळत. म्हणून हा लेख, जरा सविस्तर.

आधी पेशी समजून घ्या

चरबीची पेशी म्हणजे पातळ कवच आणि आत तेलाचा एक मोठा थेंब. डुकराच्या अंगावर चरबी दोन रीतींनी वाढते. एक, नव्या पेशी तयार होतात. दोन, असलेल्या पेशी फुगतात. लहान वयात दोन्ही गोष्टी बरोबरीनं चालतात. पुढे नव्या पेशींचा वेग मंदावतो आणि फुगण्याचा वाढतो. सगळीकडे हे एकाच वेळी होत नाही. पाठीची आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी आधी भरते, स्नायूंच्या धाग्यांमधली सर्वात शेवटी. मांसाला चव देणारी चरबी ही शेवटची.

नवी पेशी तयार होताना कच्च्या पेशीतली काही जनुकं जागी व्हावी लागतात. त्यांच्यावर नियंत्रण ठेवणारं मुख्य प्रथिन म्हणजे पीपीएआर-गॅमा. बहुअसंपृक्त आम्लं (सोयाबीनसारख्या पातळ तेलांत भरपूर असलेली स्निग्धाम्लं) आणि त्यांच्यापासून शरीरात बनणारे पदार्थ या प्रथिनाला जाऊन चिकटतात आणि त्याला चालना देतात. म्हणून प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या पेशींवर तेलाच्या प्रकाराचा परिणाम ठळक दिसतो. तिथून थेट गव्हाणीवर उडी मारू नका. जिवंत जनावरात पेशी किती असतील ते प्रामुख्यानं वय आणि वंश ठरवतात, त्या किती फुगतील ते एकूण ऊर्जा ठरवते. तेलाच्या प्रकाराचा खरा हात तिसऱ्या गोष्टीत असतो: पेशीत भरणारा थेंब कसला असेल.

इथे डुक्कर गाय-म्हशीपेक्षा अगदी वेगळं. गाईच्या पोटातले जिवाणू खाद्यातलं असंपृक्त (पातळ राहणारं) तेल बरंचसं संपृक्त (घट्ट होणारं) करून टाकतात. डुकराला असं पोट नाही. जे आम्ल गव्हाणीत, तेच बऱ्याच अंशी पाठीवर. सोयाबीन तेलात निम्म्याहून थोडं अधिक लिनोलिक आम्ल असतं, म्हणजे चरबी मऊ करणारं बहुअसंपृक्त आम्ल. हे आम्ल डुक्कर स्वतः बनवूच शकत नाही. त्याच्या चरबीत जेवढं लिनोलिक सापडेल ते सगळं तुम्ही खाऊ घातलेलं असतं (किंवा पिल्लू असताना आईच्या दुधातून आलेलं).

दुसरा मार्गही लक्षात ठेवा. डुक्कर पिठूळ धान्यापासून स्वतः चरबी तयार करतं, आणि ती यकृतात नव्हे, मुख्यतः चरबीच्या पेशीतच. अशी घरची चरबी पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांची, म्हणजे टणक असते. खाद्यात तेल वाढवलं की हे घरचं उत्पादन कमी होतं. कोणतंही तेल असो, अगदी टणक असलं तरीही. मऊ चरबीची तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण विचारतात, ‘कोणतं तेल घालू?’ माझं उत्तर असतं: शेवटच्या टप्प्यात कोणतंच नको, धान्य घाला.

पहिली पायरी: लपलेलं तेल शोधा

कागद घ्या आणि तुमच्या खाद्यातला प्रत्येक घटक त्यातल्या तेलासकट लिहा. ढोबळ आकडे असे: मका ३.५ ते ४ टक्के, गहू २ च्या जवळपास, तांदळाची कणी १ टक्क्याहून कमी, गव्हाचा चोकर ३ ते ४, सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) १ च्या आगेमागे. आणि मग मोठे मासे: भाताचं पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) १२ ते १६ टक्के, अख्खं भाजलेलं सोयाबीन १८ ते २०. कच्चं सोयाबीन डुकराला घालूच नका. त्यातल्या ट्रिप्सिनरोधकामुळे प्रथिन पचत नाही.

पॉलिशबद्दल एक इशारा. गिरणीतून निघाल्यावर त्यातलं विकर (एन्झाइम) तेल फोडायला लागतं आणि काही दिवसांत खवट वास येतो. ताजं आणा आणि लगेच संपवा, नाही तर तेल काढलेलं पॉलिश घ्या.

शेवचुरा हा सगळ्यात फसवा घटक. त्याच्याकडे मी वेगळं येते.

दुसरी पायरी: लिनोलिकचा हिशेब

युरोपात फार पूर्वीपासून एक साधी मर्यादा पाळली जाते. चरबी टणक हवी असेल तर वाढीच्या उत्तरार्धातल्या खाद्यात लिनोलिक आम्ल १.६ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. पाठीच्या चरबीत हे आम्ल १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ती मऊ पडते.

आता आपलं नेहमीचं मिश्रण घेऊ. एका क्विंटलमध्ये मका ६५ किलो, डीओसी २०, चोकर १२, आणि खनिज मिश्रण, मीठ, जीवनसत्त्वं मिळून ३. मक्यातून तेल येतं सुमारे २.५ किलो, त्यात निम्म्याहून किंचित अधिक लिनोलिक, म्हणजे १.३ किलो. चोकरातून ०.२, डीओसीतून ०.१. बेरीज झाली १.६. तेलाचा एक थेंबही न घालता आपण मर्यादेवर उभे आहोत! त्यात ३ किलो सोयाबीन तेल ओतलं की आणखी दीड किलो लिनोलिक, एकूण ३ च्या वर. राऊच्या त्या गड्याचं नेमकं हेच झालं होतं, आणि वर शेवचुरा होताच. त्याच ३ किलोंच्या जागी पाम तेल घातलं असतं तर भर पडली असती फक्त ०.३ ची, कारण पामतेलात लिनोलिक साधारण १० टक्केच.

ज्यांना आणखी नेमकेपणा हवा त्यांनी आयोडीन मूल्य वापरावं. तेल जितकं असंपृक्त तितका हा आकडा मोठा. नारळाचं तेल ७ ते १०, पाम ५० ते ५५, शेंगदाण्याचं ८५ ते १००, सोयाबीनचं १३० च्या आसपास, जवसाचं १७० च्या पुढे. खाद्यातल्या एकूण तेलाच्या टक्केवारीला त्या तेलाच्या आयोडीन मूल्यानं गुणा, उत्तराला १० नं भागा. आलेल्या आकड्याला ०.३१५ नं गुणून त्यात ५२.४ मिळवा. परदेशी वराहउद्योगात पाठीच्या चरबीचं आयोडीन मूल्य अंदाजायला हे समीकरण १९९० च्या दशकापासून वापरतात. आपल्या साध्या मिश्रणाचं उत्तर येतं ६५ च्या आत. ३ टक्के सोयाबीन तेल घातल्यावर ७७. पाम घातल्यावर ७०. मांसप्रक्रिया करणारे साधारणपणे ७० ते ७५ ही वरची हद्द मानतात, म्हणजे सोयाबीन तेलाचं मिश्रण सरळ बाहेर.

पामचा आकडा पाहून लगेच खूश होऊ नका. ७० हे न घातलेल्या खाद्यापेक्षा पाच एकांनी जास्तच आहे. पाम तेल सोयाबीन तेलापेक्षा बरं, पण साध्या धान्यापेक्षा नव्हे.

तिसरी पायरी: वयाप्रमाणे ठरवा

डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात चरबी जेमतेम १ ते २ टक्के असते. माणसाच्या बाळाला किंवा कोकराला जी तपकिरी, ऊब देणारी चरबी असते, ती डुकराला नसतेच. तिच्यासाठी लागणारं जनुक या कुळात कोट्यवधी वर्षांपूर्वीच निकामी झालं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत माळव्याच्या गारठ्यात पिल्लं पटापट जातात. पहिल्या दिवसांत त्यांना ३२ ते ३४ अंशांची ऊब द्या, दिवा टांगा, खाली कोरडा पेंढा घाला. अंगावरची पहिली चरबी ती आईच्या दुधातून घेतात. त्या दुधात ६ ते ८ टक्के स्निग्धांश असतो, आणि तीन-चार आठवड्यांत पिल्लाच्या अंगातली चरबी १० टक्क्यांच्या पुढे जाते. या काळात पेशी झपाट्यानं वाढतात. ‘पुढे चरबी कमी व्हावी म्हणून लहानपणीच कमी खाऊ घालतो’ असं कुणी म्हणालं तर हात धरून थांबवा. त्यानं पिल्लू खुरटतं, आणि पुढे तेच खुरटलेलं जनावर उशिरा आणि चरबट भरतं. दूध पाजणाऱ्या मादीच्या खाद्यात मात्र थोडं तेल घालायला हरकत नाही. दुधाचा स्निग्धांश वाढतो आणि तेलाचा प्रकारही दुधात उतरतो.

२० ते ५० किलोंच्या दरम्यान डुक्कर मांस घालण्यात रमलेलं असतं. त्याचं पोट लहान, भूक मर्यादित. तेल घालायची हीच वेळ, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, जेव्हा इंदूरचा पारा चाळिशी गाठतो आणि जनावरं खाणं सोडतात. तेल पचताना धान्यापेक्षा कमी उष्णता निर्माण होते आणि पिठूळ अन्नाच्या सव्वादोन पट ऊर्जा मिळते. २ ते ३ टक्के पुरे. या वयात सोयाबीन तेलही चालतं, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्या पेशींवर बरीच नवी, घरची चरबी चढणार असते.

तेल घातलं की एक गोष्ट विसरू नका. ३ टक्के तेलानं खाद्याची ऊर्जा जवळजवळ ५ टक्क्यांनी वाढते. जनावर ऊर्जा मोजून खातं, म्हणजे किलोनं कमी खाईल आणि त्याच्या पोटात लायसिन (मांस वाढायला लागणारं अमिनो आम्ल) ही कमी जाईल. तेव्हा लायसिनही ५ टक्क्यांनी वाढवा: ०.९० टक्के असेल तर ०.९४ ते ०.९५. हे न केल्यास मांस कमी आणि चरबी जास्त, आणि दोष तेलाला. (लायसिन मुद्दाम कमी ठेवून स्नायूंमधली चरबी वाढवायचा प्रकारही आहे. ती महाग मांसाच्या बाजारातली युक्ती, वाढीचा वेग गमावून केलेली. आपल्याकडच्या दरात ती परवडत नाही.)

५० किलोंच्या पुढे तेल हळूहळू बंद करा.

दोन गोष्टी वंशाबद्दल. गावठी डुक्कर लवकर चरबी धरतं, त्यामुळे लिनोलिक मोठ्या साठ्यात विरतं. लार्ज व्हाइट यॉर्कशायर किंवा लँडरेसचे संकर सडसडीत असतात. थोड्या चरबीत तेवढंच लिनोलिक गेलं की ती जास्त मऊ होते. म्हणजे जनावर जितकं चांगल्या जातीचं, तितका हिशेब काटेकोर हवा. खच्ची केलेल्या नराची चरबी मादीपेक्षा जाड आणि टणक असते. दोघांना एकाच गव्हाणीवर ठेवत असाल तर मादीकडे बघून खाद्य ठरवा.

चौथी पायरी: शेवचुरा आणि तळणीचं तेल

हा खास इंदूरचा प्रश्न. कारखान्यात उरलेला चुरा पोत्यानं आणि स्वस्तात मिळतो. डुक्कर तर त्याच्यावर तुटून पडतं. पण शेवेत तेल ३५ ते ४० टक्के असतं. क्विंटलमागे १० किलो चुरा घातला तर साडेतीन-चार किलो तेल गेलं, आणि वहीत मात्र ‘तेल: शून्य’. ते सोयाबीनचं, पामचं की शेंगदाण्याचं, हे तुम्हाला माहीत नाही. कारखान्यात विचारा. सांगतात, कारण त्यांच्या पाकिटावरही ते छापावं लागतं.

चुऱ्यात मीठही असतं. पाण्याची टाकी रिकामी राहिली, नळ बंद पडला आणि वरून खारट खाद्य, तर डुकराला मिठाची विषबाधा होते. ते आंधळ्यासारखं भिंतीला धडकतं, गोल फिरतं, झटके येतात. अशा वेळी घाबरून एकदम बादलीभर पाणी पाजू नका, त्यानं मेंदूला सूज येते. घोट-घोट पाणी थोड्या थोड्या वेळानं द्या आणि लगेच पशुवैद्याला बोलवा. माझं मत विचाराल तर चुरा ५ टक्क्यांच्या वर नको, त्या दिवशी खाद्यात वेगळं मीठ नको, आणि शेवटच्या दोन महिन्यांत चुरा नकोच.

वापरलेलं तळणीचं तेल अजिबात घालू नका. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून झालेले पदार्थ, साठतात. माणसाच्या खाण्यासाठी ती २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला १ जुलै २०१८ पासून देशात मनाई आहे, आणि असं तेल बायोडिझेलकडे वळवायची सरकारी योजनाही आहे. जे तेल आपण टाकून देतो ते जनावराला घातलं की त्याच्या अंगातलं ई जीवनसत्त्व खर्ची पडतं, वाढ मंदावते. खवट, बहुअसंपृक्त तेल बराच काळ गेलं तर चरबी पिवळसर आणि सुजलेली होते. माशांचे टाकाऊ भाग घालणाऱ्यांकडे हा रोग जास्त दिसतो.

हॉटेलच्या उरल्यासुरल्या अन्नाचा प्रश्न तेलापुरता नाही. आफ्रिकन स्वाइन फिवर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग भारतात २०२० मध्ये ईशान्येत आला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात रीव्याला पोहोचला. त्याला औषध नाही. अशा अन्नात डुकराचं मांस असू शकतं आणि विषाणू त्यात तग धरतो. शक्यतो हे अन्न टाळा. घालायचंच असेल तर निदान ९० अंशांवर तासभर, सतत ढवळत उकळा. नुसती वाफ आली म्हणजे उकळलं असं होत नाही. वर जमलेला तेलाचा तवंग गार झाल्यावर काढून टाका.

पाचवी पायरी: शेवटचे सहा ते आठ आठवडे

पेशीतला थेंब कायमचा नसतो. जुनी आम्लं वापरली जातात, नवी येतात, आणि वाढत्या जनावरात तर रोज वर नवा थर चढतो. म्हणून शेवटच्या सहा-आठ आठवड्यांत खाद्य बदललं की फरक स्पष्ट दिसतो, पहिल्या महिन्यात सर्वात जास्त. आठवड्याभरात मात्र काही होत नाही. खरेदीदार येणार म्हणून चार दिवस आधी तेल बंद करणारे मी पाहिले आहेत.

या टप्प्यासाठी मी सुचवते ते मिश्रण: मका ३३ किलो, कणी ३४, डीओसी १५, चोकर १५, बाकीचं ३. लिनोलिक १.१ च्या आसपास, वरच्या समीकरणानं चरबीचं आयोडीन मूल्य ६१. कणी महाग पडली तर माळव्याचा खालच्या प्रतीचा गहू घाला, लिनोलिक १.३ पर्यंत जाईल, तरी मर्यादेत. धान्य बुरशी लागलेलं नको, एवढी एकच अट. मका पूर्ण काढायची गरज नाही.

बाजारात संयुग्मित लिनोलिक आम्लाची पूड मिळते. हे लिनोलिकचंच वेगळ्या रचनेचं रूप, पण परिणाम उलटा. पेशीत संपृक्त आम्लाचं असंपृक्त करणारं विकर ती दाबते, त्यामुळे चरबी टणक होते आणि थरही थोडा पातळ राहतो. काम करते. पण कणीच्या पोत्यानं तेच काम होत असेल तर पुडीवर पैसा कशाला.

सहावी पायरी: बघा, दाबा, लिहून ठेवा

दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि त्या पंधरवड्यात कोणतं तेल, कोणता चुरा गेला ते त्याच ओळीत लिहा. जिवंत जनावराच्या पाठीची चरबी अल्ट्रासाउंडनं मोजता येते. मोजायची जागा शेवटच्या बरगडीपाशी, कण्यापासून साडेसहा सेंटिमीटर बाजूला. यंत्रासाठी महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात विचारून बघा. कापल्यावर मोजायचं तर पहिली बरगडी, शेवटची बरगडी आणि कमरेचा शेवटचा मणका, या तिन्ही ठिकाणच्या जाडीची सरासरी काढा.

टणकपणासाठी यंत्र लागत नाही. प्रत्येक तुकडीतल्या दोन-तीन जनावरांच्या पाठीची, एकाच जागेवरची, हातभर पट्टी घ्या. कातडी तशीच ठेवा. पिशवीवर जनावराचा क्रमांक आणि तारीख घाला, रात्रभर ४ अंशांवर ठेवा. सकाळी पट्टी आडव्या काठीवर मधोमध टाका. टणक चरबीची दोन्ही टोकं बऱ्यापैकी आडवी राहतात, मऊ चरबीची खाली लोंबतात. मग बोटानं दाबा आणि कडेला ओशटपणा आहे का ते बघा. बाहेरचा थर आतल्यापेक्षा नेहमीच थोडा मऊ असतो, तेव्हा दोन्ही थर वेगवेगळे दाबून बघा. आकडा हवा असेल तर शंभरेक ग्रॅम चरबी खाद्यतेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. आयोडीन मूल्य ही त्यांची रोजची चाचणी आहे, आणि इंदूरमध्ये अशा प्रयोगशाळांना तोटा नाही.

राऊच्या त्या वराहपालकानं पुढच्या तुकडीत ५० किलोंपर्यंत २ टक्के तेल ठेवलं, नंतर बंद केलं आणि चुऱ्याचं पोतं शेवटचे दोन महिने गोठ्यात येऊ दिलं नाही. होळीच्या आधी त्यानं मला पुन्हा बोलावलं. काठीवर तीन पट्ट्या होत्या. दोन सरळ होत्या, एक अजून जराशी लोंबत होती. ती मादीची होती. तिच्यासाठी त्यानं आता गव्हाणीत वेगळा कप्पा केला आहे.